बेळगाव-कोल्हापूरचा डिफ्युजन एमआरआयचा (मेंदूत पाणी कसं पसरतं ते मोजणाऱ्या स्कॅनचा) डेटा एकत्र करताय? या चुका टाळा

दोन सेंटरांचा डेटा हाती आला की पोरं आधी कॉम्बॅट (मशीनमशीनमधला फरक आकडेमोडीने काढणारी पद्धत) चालवतात आणि मग स्कॅन उघडून बघतात. बघतात, तेही आलेख बिघडला तरच.

सर्वांत महागात पडणारी चूक ग्रेडियंट टेबलची, म्हणजे कुठल्या दिशांनी मोजलं त्या यादीची. डायकॉमचं (स्कॅनरच्या मूळ फाइलचं) निफ्टी (संशोधनात वापरायची फाइल) करताना एका सेंटरच्या बीव्हेक फाइलमध्ये, म्हणजे याच यादीत, एका अक्षाचं चिन्ह उलटं पडतं. एफए (पाणी किती एकाच दिशेने पसरतं) तोच येतो, एमडी (सरासरी किती पसरतं) तोच, टी-टेस्टही गुमान पास. तंतूंच्या दिशेनुसार रंगवलेल्या नकाशातसुद्धा कॉर्पस कॅलोझम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा तंतूंचा जुडगा) लालच दिसतो, कारण रंग चिन्ह बघतच नाही. मग महिन्यांनी कोणीतरी ट्रॅक्टोग्राफी (तंतूंचे मार्ग रेखाटणं) करतं आणि कोल्हापूरचे तंतू पुढच्या भागात भलतीकडेच वळतात. तोवर एडीपासून (हालचाल आणि विकृती दुरुस्त करायच्या पायरीपासून) सगळं पुन्हा करायची वेळ आलेली असते. म्हणून प्रत्येक सेंटरचे निदान दोन-तीन स्कॅन रंगात नव्हे, रेषांच्या रूपात उघडा. जेनूपासून (कॉर्पस कॅलोझमच्या पुढच्या टोकापासून) निघालेल्या रेषा दोन्ही बाजूंना कपाळाकडे पसरल्या पाहिजेत. एमआरट्रिक्स सॉफ्टवेअरमधलं ही यादी तपासणारं डीडब्ल्यूआयग्रॅडचेक आहेच, पण डोळ्यांनी बघाच.

दुसरी चूक तर स्कॅनिंगच्या आधीच होते. रुग्ण सगळे बेळगावात, निरोगी माणसं सगळी कोल्हापुरात. आता फरक आजाराचा की मशीनचा? हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही. आजाराचं निदान कॉम्बॅटला कोव्हेरिएट (हिशोबात धरायचा घटक) म्हणून दिलं तर गणित अडतं, नाही दिलं तर आजाराचा परिणामही पुसला जातो. निपाणी-चिकोडीकडची माणसं दोन्हीकडे जाऊ शकतात. अपॉइंटमेंट देतानाच त्यांतले रुग्ण आणि निरोगी दोन्हीकडे वाटून टाका, वयंही जुळवा. हे नंतर करू म्हणणारे कधीच करत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. डीनॉइज (गोंगाट काढणं) सर्वांत आधी, मग गिब्ज (कडांशेजारच्या खोट्या लाटा काढणं), मग टॉपअप (चुंबकीय क्षेत्रामुळे आलेला वाकडेपणा काढणं) आणि एडी. इंटरपोलेशननंतर (प्रतिमा सरकवून आकडे नव्याने काढल्यावर) डीनॉइज करणं फुकट. एडीनंतर फिरवलेली बीव्हेकच वापरा. एकीकडे बी (डिफ्युजन मोजण्याची तीव्रता) १०००, दुसरीकडे बी २००० असेल तर एमडी तसाच जोडू नका: बी वाढला की एमडी कमी येतो. दोन्हीकडे १०००चं शेल (त्या बी-मूल्याचे स्कॅन) असेल तर तेवढंच घेऊन टेन्सर (एफए-एमडी ज्यातून निघतात ते गणिती मॉडेल) पुन्हा बसवा. स्कॅनरचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं की ते नवीन सेंटर समजा. मशीन लर्निंग करणार असाल तर कॉम्बॅटची गणितं फक्त ट्रेनिंगच्या डेटावर काढा. सगळ्यावर एकदम चालवून मग डेटा वाटला तर आलेली अचूकता खोटी.

पाण्याचा फँटम (स्कॅनर तपासायचा नमुना) वापरत असाल तर बर्फासकट वापरा. ० अंशाला एमडी सुमारे ०.००११ चौ.मिमी प्रति सेकंद यायला हवा. बर्फ वितळला की तापमान चढतं आणि आकडाही चढतो, मग दोष स्कॅनरला देऊ नका.