परदेशात स्वतः गाडी चालवायची आहे? परमिट काढण्यापासून किल्ली परत देईपर्यंत

परदेशात स्वतः गाडी चालवली की प्रवासाचा रंगच बदलतो. बस चुकण्याची धास्ती नसते. वाटेत तळं दिसलं तर थांबायचं, मागच्या सीटवर मूल झोपलं असेल तर तसंच पुढे जायचं. हे सुख एकदा घ्यावंच, आणि नीट तयारी केली तर ते अवघडही नाही. पण आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, ज्याला सगळे आयडीपी म्हणतात, हे वेगळं लायसन्स नाही. ते तुमच्या मूळ लायसन्सचं अधिकृत भाषांतर आहे. तुम्हाला गाडी चालवता येते, एवढंच ते सांगतं. त्या देशातला रस्ता तुम्हाला कळतो की नाही, याबद्दल त्यात एक ओळही नसते. तो अभ्यास आपला आपणच करायचा.

आधी देश, मग परमिट

आयडीपी चालतं ते संयुक्त राष्ट्रांच्या दोन करारांवर: १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार. सगळ्या देशांनी दोन्हींवर सह्या केलेल्या नाहीत, आणि नेमकी इथेच लोकांची फसगत होते. जपानचं उदाहरण घ्या. तिथे फक्त १९४९ च्या नमुन्याचं परमिट चालतं. तुमच्या हातात १९६८ चं असेल, तर ते कितीही खरं असलं तरी उपयोगाचं नाही. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा मोजक्या ठिकाणच्या लायसन्सला जपान वेगळी सवलत देतो. तिथे आयडीपीऐवजी लायसन्सचं मान्यताप्राप्त जपानी भाषांतर लागतं. चीनच्या मुख्य भूमीवर तर आयडीपी मानतच नाहीत, तिथे तात्पुरता स्थानिक परवाना काढावा लागतो.

म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. त्या देशाला आयडीपी लागतं का? लागत असेल तर कोणत्या सालाचं? आणि पर्यटकाला त्यावर किती दिवस गाडी चालवता येते? उत्तरं त्या देशाच्या वाहतूक खात्याच्या किंवा दूतावासाच्या अधिकृत माहितीतूनच घ्या. ओळखीतलं कोणी चार वर्षांपूर्वी चालवून आलं, यावर विसंबू नका. काही ठिकाणी इंग्रजीतलं मूळ लायसन्स पुरतं, पण भाड्याची गाडी देणारी कंपनी तरीही आयडीपी मागू शकते. कायदा आणि कंपनीच्या अटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही तपासा.

परमिट काढताना

ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशात आयडीपी मिळतं. सरकारी कार्यालय किंवा सरकारने नेमलेली मोटार संघटना ते देते. इंटरनेटवर ‘दहा वर्षं वैध आंतरराष्ट्रीय लायसन्स’ विकणारे भरपूर सापडतात. तो कागद दिसायला छान असतो, पण पोलिसांपुढे त्याला काडीची किंमत नाही. मुदतीवरूनच खोटेपणा ओळखता येतो. १९४९ च्या नमुन्याचं परमिट दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतं. १९६८ च्या नमुन्याचं जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि तेही मूळ लायसन्सची मुदत तोवर असेल तरच.

परमिट हातात आलं की तिथल्या तिथे उघडून बघा. राखाडी मुखपृष्ठाची छोटी पुस्तिका असते. कोणत्या सालाच्या करारानुसार दिली, ते मुखपृष्ठावर छापलेलं असतं. आत त्याच मजकुराची अनेक भाषांतली पानं आणि शेवटी तुमचा फोटो व वाहनप्रकारांचे शिक्के. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे साडेतीन टनांपर्यंतची कार. ज्या प्रकारापुढे शिक्का नाही, ते वाहन तुम्हाला चालवता येणार नाही. बेटांवर सुट्टीला गेलेले कितीतरी लोक फक्त कारच्या परमिटवर स्कूटर भाड्याने घेतात. दुकानदार किल्ली देतो, कारण त्याला धंदा करायचा असतो. पण अपघात झाला की इन्शुरन्स कंपनी पहिल्यांदा तो शिक्का शोधते. तो नसेल तर हॉस्पिटलचं सगळं बिल तुमच्या अंगावर. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय.

पासपोर्ट, लायसन्स, परमिट आणि क्रेडिट कार्ड या चारही ठिकाणी नाव एकसारखं असू द्या. आणि प्रवासात मूळ लायसन्स सोबत हवंच, कारण त्याच्याशिवाय आयडीपीला अर्थ नाही.

गाडी बुक करताना

गिअरची गाडी की ऑटोमॅटिक, हे नीट वाचून निवडा. युरोपात साध्या भाड्यात बहुधा गिअरची गाडी मिळते. रस्त्याची बाजू तुमच्या सवयीच्या उलट असेल, तर माझा सल्ला एकच: थोडे पैसे जास्त गेले तरी ऑटोमॅटिक घ्या. नवी बाजू, नव्या पाट्या आणि दुसऱ्या हातात गिअर, हे सगळं एकाच वेळी डोक्यात नको.

वय पंचविसाच्या आत असेल तर अनेक कंपन्या जादा आकार लावतात. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि त्यावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा आधी बघून ठेवा. एका देशातून दुसऱ्या देशात जाणार असाल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगा, कारण सीमा ओलांडायला कंपनीची लेखी परवानगी लागू शकते. आणि जो कोणी स्टेअरिंगवर बसणार असेल, त्याचं नाव करारात असलंच पाहिजे.

इन्शुरन्सवर मात्र अर्धा तास खर्च करा. भाड्यात गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असलं, तरी त्यात ‘एक्सेस’ असतो, म्हणजे नुकसान झाल्यास तेवढ्या रकमेपर्यंतचा भार तुमच्यावर. शिवाय टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. देशागणिक यात वेगळ्याच गोष्टी निघतात. आइसलँडमध्ये वाऱ्याने दार उलटं वाकलं किंवा वाळूच्या वादळाने रंग खरवडला, तर साधं संरक्षण बहुधा कामाला येत नाही. तिथे ‘एफ’ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीलाच परवानगी आहे. साधी गाडी तिथे नेली तर विमा विसराच.

किल्ली हातात आल्यावर

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच लांबचा पल्ला गाठायला निघू नका. पहिली रात्र विमानतळाजवळ काढा आणि गाडी सकाळी घ्या. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी अनोळखी रस्त्यावर उतरणं धोक्याचं आहे.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी सावकाश व्हिडिओ काढा. चाकांच्या रिंगा, समोरची काच, बंपरची खालची कड, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा, सगळं त्यात येऊ द्या. करारपत्रात नोंदलेला नाही असा ओरखडा दिसला तर तिथल्या माणसाला दाखवून लिहून घ्या. एकदा मला पावसात, अंधाऱ्या पार्किंगमध्ये गाडी मिळाली आणि घाईत मी हे टाळलं. परत देताना रिंगेवरच्या जुन्या ओरखड्याचे पैसे माझ्या कार्डावरून गेले, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

मग दहा मिनिटं गाडीत नुसते बसा. आरसे लावा. वायपर, दिवे, काचेवरचं धुकं घालवणारं बटण हाताने शोधा. इंडिकेटरची दांडी काही गाड्यांत डावीकडे तर काहींत उजवीकडे असते. वळणावर वायपर सुरू झाला की लक्ष विचलित होतं, म्हणून हाताला सवय तिथेच लावा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारूनच बाहेर पडा.

रस्त्याची बाजू

ब्रिटन, आयर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, थायलंड, मलेशिया इथे वाहतूक डावीकडून चालते. युरोपचा बाकी बराच भाग आणि अमेरिका उजवीकडून. लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे: गाडी त्या देशाच्या वाहतुकीसाठी बनलेली असेल, तर चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसतो. कोणत्याही वळणानंतर मनात विचारा, ‘मधली रेषा माझ्या बाजूला आहे ना?’ उत्तर ‘हो’ आलं तर तुम्ही बरोबर आहात.

लोकांना वाटतं की चूक गर्दीत होईल. प्रत्यक्षात गर्दीत चूक होत नाही, कारण पुढच्या गाडीमागे आपण आपोआप योग्य बाजूने जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना. माझ्या पहिल्या उजव्या बाजूच्या प्रवासात चौथा दिवस होता, आता जमलं असं वाटायला लागलं होतं. संध्याकाळी एका पंपावर इंधन भरलं, मुलांना बिस्किटं दिली आणि गप्पांच्या नादात बाहेर पडून मी सरळ डाव्या बाजूला लागलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दीड-दोनशे मीटर गेल्यावर वळणावरून ट्रकचे दिवे आले, आणि शेजारी बसलेली बायको ‘उजवीकडे!’ म्हणून ओरडली. ट्रकवाल्याने वेग कमी केला म्हणून निभावलं. तेव्हापासून आमचा नियम आहे: पंप, हॉटेल, पार्किंग, कुठूनही निघताना शेजारच्याने बाजू मोठ्याने म्हणायची. पहिल्या दिवशीही आणि शेवटच्या दिवशीही.

आणखी एक. नव्या बाजूला बसल्यावर गाडी नकळत शेजारच्या प्रवाशाच्या बाजूला सरकते, मग त्या बाजूचा आरसा उभ्या गाड्यांना घासतो. रस्ता पायी ओलांडतानाही सवयीने चुकीच्या दिशेला पाहिलं जातं. तिथेही जपा.

पाट्यांवर लिहिलेलं नसतं असं काही

युरोपात अनेक देशांत गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादेची पाटी असते. फ्रान्स-जर्मनीत गावाचं नाव दिसलं की दुसरी पाटी नसेल तर मर्यादा ताशी ५० किलोमीटर, आणि त्याच नावावर तिरकी रेघ दिसली की गाव संपलं. पिवळ्या चौकोनी हिऱ्याची खूण म्हणजे मुख्य रस्ता, प्राधान्य तुम्हाला. ती नसेल आणि चौकात दुसरी कुठलीच खूण नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून का येईना. हा नियम माहीत नसल्याने पाहुण्या चालकांची खूप गडबड होते.

ब्रिटन आणि अमेरिकेत वेग मैलांत असतो. ताशी ३० मैल म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून बहुतेक वस्तीच्या रस्त्यांवर मर्यादा २० मैल झाली आहे. अमेरिकेत लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पण मनाई असल्याची पाटी असेल तर नाही, आणि न्यूयॉर्क शहरात एरवीही नाही. चारही बाजूंना ‘स्टॉप’ असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी जातो. पिवळ्या स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर मागे थांबायचंच, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. जपानमध्ये थांबण्याची पाटी उलट्या लाल त्रिकोणाची असते, आणि रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्यापुढे पूर्ण थांबूनच पुढे जायचं.

इटलीतल्या जुन्या शहरांचे मध्यभाग ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे असतात. तिथे पोलीस अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. हॉटेल आत असेल तर आधी हॉटेलला कळवून गाडीचा नंबर नोंदवून घ्या. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये महामार्गासाठी ‘विन्येट’, म्हणजे रस्त्याचं शुल्क भरल्याचा पुरावा, हवं. ते गाडीवर आहे का, हे किल्ली घेतानाच विचारा.

दारूबद्दल हिशेब करत बसू नका. इंग्लंडमध्ये मर्यादा वेगळी, स्कॉटलंडमध्ये त्याहून कमी, आणि चेक प्रजासत्ताक व हंगेरीत शून्य. गाडी चालवायची असेल त्या दिवशी प्यायची नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

इंधन

स्पेन-पोर्तुगालमध्ये ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलिओ’ किंवा ‘गासोइल’ म्हणजे डिझेल. फ्रान्समध्ये ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. नावं इतकी जवळची आहेत की थकलेला माणूस सहज चुकतो. नळीच्या रंगावरही जाऊ नका, कारण ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, तर अमेरिकेत बऱ्याच पंपांवर डिझेलची. युरोपीय संघात खुणा सोप्या आहेत: गोलात ‘ई’ म्हणजे पेट्रोल, चौकोनात ‘बी’ म्हणजे डिझेल. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. चुकीचं इंधन गेलंच तर इंजिन सुरू करू नका. तिथूनच कंपनीला फोन करा.

काही घडलं तर

युरोपीय संघात आपत्कालीन क्रमांक ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. छोटी धडक असली तरी फोटो, दुसऱ्या गाडीचा नंबर आणि शक्य असेल तर पोलिसांचा अहवाल घ्या, कारण अहवाल नसेल तर पुष्कळ कंपन्या दावा नाकारतात. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. पोलिसांनी थांबवलं तर गाडीतच बसा, हात स्टेअरिंगवर दिसू द्या आणि मागतील तेव्हाच कागद काढा.

गाडी परत देताना

टाकी करारात ठरली तेवढी भरा आणि पावती जपा. कार्यालय उघडं असताना गाडी द्या, माणसाने तपासल्याची लेखी नोंद घ्या आणि पुन्हा तसाच व्हिडिओ काढा. वेगाचे, पार्किंगचे, झेडटीएलचे दंड बऱ्याचदा घरी पोहोचल्यानंतर येतात. कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवण्याचा आकारही आधी कापून घेते, आणि दंड त्याहून वेगळा असतो. इटलीत परदेशी राहणाऱ्या चालकाला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे. म्हणून करारपत्र, पावत्या आणि दोन्ही व्हिडिओ किमान सव्वा वर्ष तरी जपून ठेवा.