आतड्याचा आजार असेल तर डोळे असे तपासून घ्या

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (आतड्याला वर्षानुवर्षं सूज ठेवणारे आजार) पेशंटचा डोळा लाल झाला की पहिली धाव मेडिकलकडे. तिथून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका. लाली हर्पिस विषाणूची निघाली तर बुबुळावरची जखम चिघळते.

आधी खिडकीपाशी जाऊन उजेडात आरसा धरा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. वरवरची तांबडी लाली, किंचित चुरचुर, नजर स्वच्छ: हा बहुधा एपिस्क्लेरायटिस, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ थराची सूज. पोट बिघडलं की तो उठतो, पोट शांत झालं की बसतो. जांभळट झाक आणि रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल तर स्क्लेरायटिसची, म्हणजे खुद्द पांढऱ्या भागाच्या खोल सुजेची शंका घ्यायची. दोन्हींतला फरक ओळखायला डॉक्टर रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अडीच टक्के फेनिलेफ्रिनचा थेंब टाकतात. 10-15 मिनिटांत वरच्या रक्तवाहिन्या फिक्या पडतात, खोलवरच्या तशाच राहतात.

खरी फसगत डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिना). तिथल्या रक्तवाहिन्या सुजल्या किंवा शिरेत गुठळी अडकली तरी डोळा बहुतेकदा लाल होत नाही, दुखतही नाही. आतड्याच्या या आजारात रक्त गोठण्याकडे कल असतोच, त्यात जुलाबांनी पाणी कमी झालेलं. म्हणून एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरं वाचून बघा. अचानक धूसर दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा खिडकीचे गज वाकडे दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

पडदा तपासायला डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात; त्याला 20-30 मिनिटं लागतात आणि पुढे 4-6 तास अंधूक दिसतं. स्कूटर घरीच ठेवा, गॉगल घ्या. दुपारी लक्ष्मी रोडवर त्या डोळ्यांनी चालणंही नको वाटतं. पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायच्या अँजिओग्राफीत फ्लुरेसिनचा रंग (साधारण 20 टक्क्यांचा 3 मिली) हातातल्या शिरेतून देतात. थोडं मळमळतं, लघवी दिवसभर गडद पिवळी होते, घाबरू नका. अॅलर्जी, दमा, किडनीचा त्रास असेल तर सुई टोचण्याआधी सांगा. रंगाशिवायची, प्रकाशाने स्कॅन करणारी ओसीटी अँजिओग्राफी सोपी, पण रक्तवाहिनीतून होणारी गळती तीत दिसत नाही.

सोबत कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट, औषधांची यादी आणि टीबीच्या तपासणीचा रिपोर्ट न्या. टीबीमुळे आतड्यात व्रण पडतात आणि पडद्याच्या रक्तवाहिन्याही सुजतात. तो न तपासता स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू करणं धोक्याचं. स्टिरॉइड आधीपासून चालू असेल तर डोळ्याचं प्रेशर मोजायला सांगा. आणि पोटाचा आजार स्वतःहून बोला: स्क्लेरायटिसवर सर्रास दिली जाणारी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी आतडं पुन्हा पेटवू शकते.