फोनवर लख्ख, छापल्यावर फाटलेला फोटो: उपाय

फोटो फोनवर स्वच्छ दिसतो आणि ८×१० इंचाच्या प्रिंटमध्ये फाटतो, म्हणजे धूसर आणि ठिपकेदार दिसतो, तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, फाइल लहान झालेली असते. १०८०×२४०० पिक्सेलच्या (पिक्सेल म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके) स्क्रीनवर १२ मेगापिक्सेलचा आडवा फोटो (४०००×३०००) उभ्या फोनमध्ये फक्त १०८०×८१० पिक्सेलमध्येच दिसतो. त्यामुळे लहान फाइलही तिथे सुंदर भासते. त्याच दृश्याचा स्क्रीनशॉट काढला की तेवढेच पिक्सेल उरतात, म्हणून छपाईसाठी स्क्रीनशॉट कधीच देऊ नये.

आधी मोजमाप बघा. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की तपशिलात ४०००×३००० असे आकडे दिसतात. दोन्हींना ३०० ने भागा, कारण चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. आलेले उत्तर म्हणजे चांगल्या प्रिंटची इंचांतली मापे. ८×१० साठी २४००×३००० पिक्सेल हवेत. १६००×१२०० ची फाइल जेमतेम ५×४ इंचांना पुरते. भिंतीवर लावायचा, लांबून बघायचा फोटो असेल तर १५० ने भागलेलेही चालते.

मूळ फाइल मिळवायची तर ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो. त्याऐवजी कागदी पिनचे चिन्ह (आयफोनवर +), मग डॉक्युमेंट निवडून तीच फाइल पाठवायला सांगा. पिक्सेल जसेच्या तसे येतात. आयफोनची हेइक (HEIC, आयफोन फोटो ज्या प्रकारात साठवतो तो) फाइल काही स्टुडिओंच्या संगणकावर उघडत नाही, तेव्हा तिची जेपेग (JPG) फाइल करून द्या.

लहान फाइल अ‍ॅपमध्ये ताणून मोठी केली तर आकडे वाढतात, गेलेला तपशील मात्र परत येत नाही.