जुन्या गाडीचा सेन्सर बदलण्याआधी: वायरिंगचा दोष घरी कसा शोधावा

पुणे-सासवड रस्त्यावरच्या दिवे घाटात माझी २०१४ ची पेट्रोल गाडी भर दुपारी बंद पडली. वीस मिनिटं थांबलो, इंजिन निवलं आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०३३५ हा दोषाचा कोड आला, क्रँक सेन्सर (इंजिनचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते सांगणारा) बदलून झाला. पंधरा दिवसांनी त्याच घाटात गाडी पुन्हा बंद. तेव्हा कळलं की पी०३३५ चा अर्थ ‘क्रँक सेन्सर खराब’ असा नाहीच. ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) आला, वायर आली आणि अर्थिंगही (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट) आलं. जुन्या गाडीत तपास या स्वस्त गोष्टींपासून सुरू करायचा.

सामान फार लागत नाही. एक डिजिटल मल्टिमीटर (पुण्याच्या तपकीर गल्लीत साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो), पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली आणि एक वही. बोनेट उघडण्याआधी वहीत लिहा: दोष थंड गाडीत येतो की तापल्यावर? पावसात येतो का? स्पीड ब्रेकरवर आदळल्यावर येतो का? एसी चालू असताना येतो का? तापल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होणारी गाडी आणि पावसात मिसिंग करणारी (झटके खात चालणारी) गाडी, या दोन वेगळ्या केसेस आहेत. वायरमनकडे जायची वेळ आलीच, तर ही वही त्याच्या कामाचे दोन तास वाचवते.

इंजिन चेकचा दिवा लागलेला असेल तर आधी कोड वाचून लिहून घ्या, कारण बॅटरीचं टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांत कोड पुसले जातात. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा चौथा टप्पा) गाड्यांना ओबीडी-२ (दोषाचे कोड साठवून स्कॅनरला सांगणारी यंत्रणा) एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचा सॉकेट असला तरी मोबाईलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तिथे चालेलच असं नाही.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. तो साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे, किंवा सेल्फच जास्त करंट ओढतोय. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. इथेच गाडी अडली तर पुढे जाऊ नका. व्होल्टेज कमी पडलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) भलतेच कोड दाखवतो आणि चांगले सेन्सर उगाच बदलले जातात.

यानंतरची तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची: अर्थिंग. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर टेकवा. क्लॅम्पवर नको, मधल्या शिशाच्या खुंटावरच. दुसरा प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, अर्थचा बोल्ट सोडवा, लग (पट्टीच्या टोकाची धातूची कडी) आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून जेलीचा हात फिरवा. पुण्यातले चार महिने पावसाळा काढलेल्या गाडीत हा बोल्ट साफ सापडणं विरळाच.

आता संशयित सेन्सरचा कपलर. किल्ली बंद ठेवून लॉक दाबा आणि कपलर ओढा, वायरीला धरून ओढू नका. आत हिरवट थर आहे का, एखादी पिन मागे सरकली आहे का, पाणी शिरलंय का, हे टॉर्च मारून बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी वायरी कुरतडणं ही तर नेहमीचीच तक्रार.

कूलंट टेंपरेचर सेन्सर दोन वायरींचा असेल तर एक छान परीक्षा आहे. किल्ली ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर कूलंटचं तापमान. कपलर काढला की उणे ४० च्या आसपास आकडा दिसायला हवा. कपलरच्या दोन पिना बारीक वायरीने जोडल्या की आकडा १२० च्या वर उडायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत, सेन्सरच गेलाय. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही, वायर शोधा. कपलर काढल्यावर रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.

माझ्या क्रँक सेन्सरची वायर मी अशी शोधली: बॅटरी सोडली, दोन्ही टोकांचे कपलर काढले, मीटर कंटिन्युटीवर (तार अखंड असेल तर बीप देतो) लावला. बीप सलग वाजत होता. मग एका हाताने वायर इंचाइंचाने वाकवत गेलो. इंजिनच्या मागे क्लिपमध्ये अडकवलेल्या जागी बीप तुटला. वरचं आवरण शाबूत होतं, पण बोटांना ती जागा इतर वायरीपेक्षा मऊ लागत होती. आवरण सोललं तर आतली तांब्याची तार काळी पडून एक-दोन धाग्यांवर टिकून होती. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर केला, वर हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवली. क्लिपपासून वायर थोडी सैल ठेवली.

आठ दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर मीटर १० अँपियरवर घेऊन निगेटिव्ह पोस्ट आणि सोडवलेलं टर्मिनल यांच्या मधोमध लावा. सगळे दरवाजे बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपियरच्या वर करंट दिसला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. मीटर असा लावलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका.

एअरबॅगच्या वायरींना हात लावायचा नाही. त्यांचे कपलर बहुतेक पिवळे असतात. इमोबिलायझर (चोरी रोखणारी किल्लीची यंत्रणा) आणि एबीएसचं (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कामही जाणकाराकडेच द्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि दोष ज्या स्थितीत यायचा, त्याच स्थितीत गाडी चालवा. वायर जोडल्यावर मी सासवडला तीनदा जाऊन आलो, दुपारी, एसी लावून. दर वेळी वर पोचल्यावर स्कॅनर जोडून पेंडिंग कोड (दिवा लागण्याआधी नोंदले जाणारे) बघितले. एकही नव्हता.