मांजराच्या पिलाची खाज जातच नाही? आधी या चुका टाळा

नव्या पिलाच्या अंगावर चट्टा दिसला की खालच्या मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणायची, ही चूक घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंत घरोघरी होते. अशा ट्यूबांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. चार दिवस लाली उतरते, आपल्याला हायसं वाटतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. शिवाय मांजर अंग चाटणारच, म्हणजे मलम पोटात.

गोल टक्कल, तुटके केस आणि कडेला राखाडी कोंडा असेल तर तो बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग. कानाच्या कडेला जाड खपल्या असतील तर खरूज. शेपटीच्या मुळाशी काळी पूड दिसली तर ती ओल्या पांढऱ्या कापसावर दाबा. लालसर डाग सुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तिन्हींची औषधं वेगळी, म्हणून अंदाजाने काही सुरू करू नका. डॉक्टरांच्या वूड्स लॅम्पखाली (अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली) हिरवी चमक दिसली नाही म्हणजे गजकर्ण नाही, असंही नसतं. केसांचं कल्चर, म्हणजे त्यांवर बुरशी वाढते का ते पाहणारी तपासणी, करता येईल का ते विचारा. निकालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर पिल्लू एकाच खोलीत ठेवा.

कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर झटके येऊन पिल्लू दगावू शकतं. टी ट्री ऑइल आणि डेटॉलही नकोच. सारखी आंघोळही नको. जुलैत चादर दोन दिवस वाळत नाही, तिथे एवढासा जीव गारठायला कितीसा वेळ?

केस उगवले की औषध बंद करायचं, इथे खरं गाडं अडतं. वरून बरं दिसलं तरी बुरशी शिल्लक असू शकते, आणि गळलेल्या केसांतले बीजाणू वर्षभरही तग धरतात. औषध डॉक्टर थांबवा म्हणतील तेव्हाच थांबवा. सोफा, गादी, पिंजरा यांवरचे केस व्हॅक्यूमने काढा, अंथरुणं वेगळी धुवा. फरशीला फिनेल नको, ते मांजराला विषारी. आधी साबणाचं पाणी, मग पातळ केलेलं ब्लीच वापरा आणि फरशी पूर्ण सुकल्यावरच पिलाला सोडा.

घरातलं दुसरं मांजर ठणठणीत दिसलं तरी तेही तपासून घ्या. चट्टा नसतानाही ते बुरशी वाहत असू शकतं. मुलांच्या हातावर गोल चट्टा उठला तर त्वचेच्या डॉक्टरांना घरात पिल्लू आहे हे आधी सांगा.