लिंक्डइन प्रोफाइल सुधारताना

आधी सेटिंग्जमधल्या ‘व्हिजिबिलिटी’त जाऊन प्रोफाइल बदलल्याची सूचना ओळखीच्यांना जाणं बंद करा. नाहीतर तुमची हालचाल साहेबांच्याही नजरेस पडेल.

सगळ्यात जास्त वेळ हेडलाइनला, म्हणजे नावाखालच्या ओळीला द्या. मर्यादा २२० अक्षरांची, पण शोधयादीत आणि मोबाइलवर बऱ्याचदा सुरुवातीचाच भाग दिसतो. म्हणून पदनाम आणि मुख्य कौशल्यं आधी: ‘डेटा अ‍ॅनालिस्ट | एसक्यूएल, पॉवर बीआय | विक्रीचे अंदाज’. ‘मेहनती, ध्येयवेडा व्यावसायिक’ असं सर्चमध्ये कुणी टाकत नाही.

‘अबाउट’मध्ये २,६०० अक्षरं मावतात, सगळी भरायची काही सक्ती नाही. पहिल्या काही ओळींनंतरचा मजकूर क्लिक केल्याशिवाय उघडत नाही, तेव्हा कामाचं तेवढं वरच उरका.

अनुभवाखाली जबाबदाऱ्यांची जंत्री नको. ‘मासिक रिपोर्ट तयार करणे’ऐवजी ‘दोन दिवस खाणारा मासिक रिपोर्ट स्क्रिप्ट लिहून तीन तासांवर आणला’. आकडा खराच हवा, मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात.

फोटोत चेहरा मोठा, उजेड समोरून. ग्रुप फोटो कापून लावला की शेजाऱ्याचा खांदा डोकावतोच.

प्रोफाइलच्या लिंकमधले निरर्थक आकडे काढून नाव ठेवा आणि रेझ्युमेवरची जुनी लिंकही लगेच बदला.