रेडिएटर खाली गरम, वर गार: माझा अनुभव

स्लाउमध्ये (इंग्लंड) भाड्याच्या घरात आलो तेव्हा थंडी सुरू झाली होती. बॉयलर (घर तापवायला गॅसवर पाणी गरम करणारं यंत्र) चालू, पण हॉलचा रेडिएटर (ते गरम पाणी फिरणारा भिंतीवरचा हीटर) खाली चटका बसेल इतका गरम आणि वरची कड थंडगार. थर्मोस्टॅट वाढवून पाहिला, रेडिएटरच्या बाजूचा आकडेवाला नॉब ५ वर नेला. फक्त गॅसचं बिल वाढलं. घरात स्वेटर घालून पोहे खाताना जाम वैताग यायचा.

कारण एवढंच, की वरच्या भागात हवा अडकलेली असते. ती अशी काढली:

हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण गार होऊ दिला. हे टाळू नका, नाहीतर कढत पाणी हातावर येतं. वरच्या कोपऱ्यात छोटा चौकोनी स्क्रू असतो. त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. खाली वाटी आणि जुनं फडकं धरून स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला. कुकरची वाफ सोडल्यासारखा फुस्स आवाज आला. हवा संपून पाण्याची सलग धार लागली की लगेच बंद. पाणी काळपट निघतं, कार्पेट जपा. दुमजली घरात खालच्या मजल्यापासून सुरुवात करा.

यानंतर बॉयलरचा दाब उतरतो, आणि फार उतरला तर बॉयलर चालूच होत नाही. बॉयलरवरच्या दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा १ बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) खाली गेला होता. बॉयलरखालच्या वेणीदार नळीचे दोन्ही व्हॉल्व्ह हळूहळू उघडून पाणी आत सोडलं, काटा १.३ वर येताच दोन्ही घट्ट बंद केले. मग हीटिंग लावलं.

दाब पुन्हापुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळती असू शकते, घरमालकाला कळवा.